वाचकांचे प्रश्न : अख्खा मासा वाफवताना

मागच्या अंकात चिनी पद्धतीचा, म्हणजे नेमकं सांगायचं तर ग्वांगडाँग आणि हाँगकाँगकडच्या कँटोनीज घरांत करतात तसा अख्खा वाफवलेला मासा दिला होता, आणि त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी पटकन सांगते. अर्धा-पाऊण किलोचा ताजा मासा साफ करून, पुसून घ्यायचा, पोटात आणि खाली आल्याचे काप नि पातीचा कांदा घालायचा, पाणी खळखळ उकळत असताना ताटलीसकट आत ठेवून ८ ते १० मिनिटं वाफवायचा, ताटलीत जमलेलं पाणी ओतून टाकायचं, वर आलं आणि कांद्याची पात बारीक लांब चिरून कच्चीच पसरायची, त्यावर कडकडीत तेल ओतायचं आणि कडेनं गरम सोया सॉस सोडायचा. झालं. आलेले बहुतेक प्रश्न "एवढंच? अजून काहीच नाही?" याच चालीवरचे आहेत.

प्रश्न : ताई, मासा दरवेळी कोरडा होतो, अगदी कापसासारखा. तुम्ही १० मिनिटं लिहिली होती, मी कच्चा राहायला नको म्हणून २० ठेवली, तरी असं का?

"तरी" नाही हो, म्हणूनच! ती वरची १० मिनिटंच नडली. माशाचं मांस मटण-चिकनसारखं नसतं, त्याच्या तंतूंना धरून ठेवणारं कोलॅजेन कमी असतं आणि ते लवकर विरघळतं, म्हणून मासा शिजवून "मऊ करायचा" वगैरे प्रकारच नसतो, तो मुळात मऊच असतो. त्यातली प्रथिनं साधारण ४० अंशांपासून घट्ट व्हायला लागतात, ५५-६० च्या आसपास मांसाच्या पाकळ्या सुटतात, आणि त्याच्या वर जात राहिलात की तेच तंतू आवळून आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. ते पाणी तुमच्या ताटलीत जमतं आणि मासा कोरडा पडतो. वाफ १०० अंशांची असते, त्यामुळे बरोबर शिजलेला आणि जास्त शिजलेला यांच्यात दोन-तीन मिनिटांचाच फरक असतो.

वेळ वजनावर कमी आणि जाडीवर जास्त ठरते. सगळ्यात जाड भागाशी, म्हणजे डोक्याच्या मागे पाठीकडे, बोट लावून बघा, २.५ सेंटिमीटर जाडी असेल तर १० मिनिटं ही वरची मर्यादा समजायची. हाँगकाँगच्या बाजारात मासा कॅटीवर मोजतात, एक कॅटी म्हणजे साधारण ६०५ ग्रॅम, आणि एवढ्या माशाला मोठ्या गॅसवर ८-९ मिनिटं पुरतात. किलोभराचा असेल तर १२-१३. चपटा मासा, पापलेटसारखा, याहून लवकर होतो. घड्याळ कधी लावायचं तर मासा आत गेल्यावर, आणि मासा आत कधी जाणार तर भांडं वाफेनं पूर्ण भरल्यावरच, गार पाण्यावर मासा ठेवून मग गॅस पेटवला तर ती वेळ मोजून काही उपयोग नाही.

आता झाला की नाही कसं कळायचं. डोळा पांढरा होऊन बाहेर येतो हे पहिलं लक्षण, पण तेवढ्यावर जाऊ नका. चॉपस्टिक नाहीतर सुरीचं बोथट टोक डोक्यामागच्या जाड भागात घाला, अडथळा न येता काट्यापर्यंत गेलं की झाला. थोडं उकलून बघितलंत तर मांस पांढरं, अपारदर्शक असतं आणि काट्याला अगदी चिकटलेल्या ठिकाणी किंचित गुलाबीपणा असतो, कँटोनीज आचारी नेमका तिथेच थांबतात, कारण ताटलीत असतानाही मासा आतून शिजतच असतो. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई असेल तर हा गुलाबीपणा नको, मग थर्मामीटरनं जाड भागात ६३ अंश बघा आणि लगेच काढा. गॅस बंद करून झाकण न उघडता दोन मिनिटं ठेवायची पण पद्धत आहे, ती चांगली आहे, फक्त ती दोन मिनिटं आधीच्या वेळेतून कमी करायची.

प्रश्न : बांबूचा स्टीमर घेतलाच पाहिजे का? आणि मासा भांड्यापेक्षा लांब आहे, काय करू?

नाही घेतला तरी चालतं. बांबूचा एक फायदा खरा आहे, त्याचं झाकण वाफेचं पाणी शोषतं, स्टीलच्या झाकणावरून ते थेंब-थेंब माशावर टपकतं. त्यावर उपाय सोपा, झाकणाला आतून स्वच्छ सुती फडकं बांधा आणि टोकं वर गाठ मारून ठेवा म्हणजे गॅसपर्यंत लोंबणार नाहीत. मोठी कढई, आत तिवई नाहीतर एखादी उलटी वाटी, त्यावर ताटली, वर घुमटासारखं खोल झाकण, चीनमधल्या कितीतरी घरांत वोकमध्ये असंच करतात. ताटली आणि कढईच्या कडेत बोट जाईल एवढी जागा सगळीकडून हवी, नाहीतर वाफ खालीच अडकते. कुकर वापरणार असाल तर शिट्टी काढून, प्रेशर अजिबात नको.

ताटलीत मासा सरळ टेकवू नका. खाली दोन चॉपस्टिक किंवा पातीच्या कांद्याचे जाड दांडे आडवे ठेवून त्यावर मासा, म्हणजे खालच्या बाजूनंही वाफ फिरते. हे केलं नाही की वरची बाजू शिजलेली आणि खालची साठलेल्या पाण्यात भिजत पडलेली, असं होतं. ताटली फार जाड असेल तर ती आधी वाफेत तापवून घ्या, गार जाड ताटली मिनिट-दोन मिनिटं सहज खाते.

लांब मासा? शेपूट कापा. नाहीतर मध्ये दोन तुकडे करून शेजारी-शेजारी वाफवा आणि वाढताना जोडून ठेवा, वर आलं-कांदा पडला की जोड कुणाला दिसत नाही. ओव्हन असेल तर खोल ट्रेमध्ये जाळी, खाली उकळतं पाणी आणि वर फॉइल गच्च बंद करून पण होतं, वेळ थोडा जास्त लागेल.

आणि हो, फ्रीजमधून काढलेला थंडगार मासा तसाच आत टाकू नका. वाफ गार पृष्ठभागावर पाणी होते आणि तेव्हा तिच्यातली उष्णता माशाला देते, त्यामुळेच तर वाफेनं एवढं भराभर शिजतं, पण मासा बर्फासारखा असेल तर बाहेरचं शिजून जातं आणि काट्याजवळ कच्चं. १५-२० मिनिटं बाहेर ठेवा, बस, त्याहून जास्त नको.

प्रश्न : वास येतो. आलं घालूनही येतो. मी तर अर्धा तास लिंबू-मीठ लावून ठेवते.

लिंबू लावून अर्धा तास ठेवू नका, आंबटानं वरचं मांस आधीच घट्ट होतं आणि वाफेत पिठूळ लागतं. आंबट पदार्थानं वास दबतो हे खरं आहे, समुद्री माशाच्या वासाला जे ट्रायमेथिलअमाइन जबाबदार असतं त्याला आम्ल बांधून ठेवतं, पण ताज्या माशात ते फारसं नसतंच, मासा शिळा होत जातो तसं ते वाढतं. म्हणजे वास जोरात येत असेल तर आधी मासाच बघा.

मासा ताजा असेल तर मग तीन जागा तपासा. एक, पोटाच्या आत पाठीच्या मणक्याला चिकटून काळपट लाल रक्ताची रेघ असते, वर पातळ पडदा असतो, तो सुरीच्या टोकानं फाडून नळाखाली जुन्या टूथब्रशनं घासून काढायचा, अगदी पांढरा काटा दिसेपर्यंत. मासेवाले पोट साफ करून देतात पण ही रेघ बहुतेक वेळा तशीच राहते. दुसरी जागा म्हणजे पोटाच्या भिंतीचं काळं अस्तर, काही माशांना असतं, तेही खरवडायचं. तिसरी कल्ले, ते पूर्ण काढलेले हवेत. मग आतून-बाहेरून कोरडं पुसा, खरंच कोरडं.

पण याहून मोठं कारण म्हणजे ते ताटलीतलं पाणी! कितीजणींनी लिहिलंय की "तो रस टाकवत नाही, त्यात सगळी चव असेल ना". नसते. वाफेचं पाणी आणि माशातून निथळलेली सगळी वासकट प्रथिनं त्यात असतात, वरती पांढरा फेस दिसतो तो तोच. सगळंच्या सगळं ओतून टाका, आणि त्याबरोबर खाली घातलेले आल्याचे काप नि कांद्याचे दांडेसुद्धा, त्यांचं काम झालं. वरून जे आलं-पात दिसतं ते नवीन असतं. हे एक पाऊल गाळलं तर बाकी कितीही नीट करा, सोया सॉस त्या पाण्यात मिसळून पचपचीत होतो आणि मग लोक म्हणतात चिनी मासा बेचव असतो.

प्रश्न : शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन) घरात चालणार नाही. पर्याय?

पर्याय नको, घालूच नका. आलं पुरेसं आहे. चालत असेल आणि मिळत नसेल तर ड्राय शेरी एक चमचा.

प्रश्न : सोया सॉस घातला की मासा काळा आणि खारट. कुठे चुकतंय?

बाटली बघा, बहुतेक डार्क सोया असेल. तो रंगासाठी असतो, दाट, इथे त्याचं काही काम नाही. लाइट सोया हवा, आणि तोही बाटलीतून थेट नाही. ३ टेबलस्पून लाइट सोया, तेवढंच पाणी, एक चमचा साखर (खडीसाखर असेल तर उत्तम), चिमूटभर पांढरी मिरीपूड आणि असतील तर कोथिंबिरीचे चार देठ, हे छोट्या भांड्यात एक उकळी येईपर्यंत गरम करा, देठ काढून टाका. मासे-सीफूडसाठी तयार गोडसर सोया पण मिळतो, तो घेतलात तर परत साखर घालू नका.

दुसरं, सॉस माशावर ओतायचा नाही, ताटलीच्या कडेनं, खाली. मांस पांढरंच राहिलं पाहिजे, घास घेताना ज्याला जेवढा हवा तेवढा बुडवेल. आणि वाफवायच्या आधी मीठ-सोया लावून मुरवत ठेवणं तर पूर्ण बंद करा, मिठानं पाणी सुटतं. फार तर आत ठेवायच्या अगदी क्षणभर आधी किंचित मीठ चोळा.

प्रश्न : गरम तेल ओतताना एवढं उडालं की हात भाजला. हे तेल वगळलं तर चालेल का? डाएटवर पण आहे.

वगळू नका, कमी करा. दीड-दोन चमचे पुरतात. आलं आणि कांद्याच्या पातीतला सुगंध तेलात उतरतो, नुसत्या सोयात तसा उतरत नाही, आणि त्या क्षणाला जो चर्र आवाज होऊन वास उठतो तोच या डिशचा जीव आहे, बाकी मग तो पथ्याचा मासा.

उडतं कशामुळे, तर पाण्यामुळे. ताटलीतलं पाणी पूर्ण निथळलं नसेल किंवा पात ओली असेल तर कडक तेल त्यावर पडताच पाण्याची वाफ होते आणि तेल फेकलं जातं. पात बर्फाच्या पाण्यात ठेवली की छान कुरळी होते, पण मग ती फडक्यात गुंडाळून चांगली झटकून घ्या. तेल छोट्या दांड्याच्या भांड्यात तापवा, पहिला धूर दिसला की उचला, आणि उंचावरून नको, जवळून, बारीक धारेनं, आधी आल्यावर मग पातीवर. सोया सॉस तेलानंतर. ग्वांगडाँगमध्ये शेंगदाण्याचं तेल वापरतात आणि मला तेच आवडतं. तिळाचं तेल धुरापर्यंत तापवू नका, कडवट होतं, हवं तर शेवटी दोन थेंब. झाकण उघडताना पण सांभाळा, आपल्या विरुद्ध बाजूनं तिरकं उचला, वाफेचा चटका तेलाइतकाच वाईट असतो.

प्रश्न : कुठला मासा घ्यायचा? हाँगकाँगच्या हॉटेलात टाकीतून काढून जिवंत मासा दाखवतात, तसा तर आपल्याला मिळणार नाही, मग फ्रोझन चालेल का?

पांढऱ्या मांसाचा, कमी तेलाचा, एका माणसाच्या ताटात मावेल एवढा कुठलाही. ग्रूपर, सी बास, स्नॅपर, पापलेट, गोड्या पाण्यातला तिलापिया किंवा कार्प. चीनमध्ये हुबेईकडे वुचांगचा मासा म्हणजे एक चपटा गोड्या पाण्यातला ब्रीम असाच वाफवतात, त्यामुळे समुद्राचाच हवा असं काही नाही, फक्त गोड्या पाण्यातल्या माशाला कधीकधी मातकट वास असतो, त्याला आलं जरा सढळ घाला. बांगड्यासारखा तेलकट मासा या साध्या पद्धतीत उग्र लागतो.

फ्रोझन चालेल, पण उत्तम होणार नाही, हे स्पष्ट सांगते. या पद्धतीत लपवायला काहीच नसतं, म्हणूनच तर कँटोनीज लोक जिवंत माशाचा हट्ट धरतात. फ्रोझनच असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये सावकाश वितळवा, नीट पुसा, आणि त्याला खाली सांगितलेल्या काळ्या सोयाबीनची पद्धत लावा. ताजा घेताना कल्ले लालभडक, डोळे फुगीर नि चकचकीत, बोट दाबलं तर खड्डा भरून येणारा, एवढं बघा.

हाँगकाँगचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. तिथल्या मेजवान्यांत प्रवाळातले मोठे मासे मानाचे समजतात आणि त्यापायी काही जाती पार धोक्यात आल्यात, हंपहेड रास म्हणजे तिथला सो मेई हा मासा २००४ साली सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये घालावा लागला, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. मेन्यूवर दिसला तर सोडून द्या. शिवाय मोठ्या प्रवाळी माशांमध्ये सिग्वाटेराचं विष साठलेलं असू शकतं आणि ते वाफवून, तळून, कशानंही जात नाही, डोकं, कातडी, यकृत, गाबोळी यात तर जास्तच असतं. लहान मासा चवीला पण बरा आणि जिवाला पण.

प्रश्न : हे फार सपक वाटतं हो. मिरची, लसूण, मसाला काहीच नाही?

सपक वाटत असेल तर ताटलीतलं पाणी टाकायचं आणि तेलाचं वर जे लिहिलंय ते आधी परत वाचा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतील. तरीही झणझणीतच हवं असेल तर चीनमध्येच पर्याय आहेत ना. हुनान प्रांतात मोठ्या कार्पचं डोकं उभं चिरून, उघडून, त्यावर मिठात मुरवलेल्या लाल मिरचीचा ठेचून जाड थर देऊन वाफवतात, तिखट, आंबूस, आणि खाली उरलेल्या रसात नूडल्स घालून खातात. कँटोनीज घरांतच आंबवलेलं खारं काळं सोयाबीन लसणाबरोबर ठेचून माशावर घालून वाफवायची पद्धत आहे, ही थोड्या उग्र किंवा फ्रोझन माशाला फार चांगली, फक्त ते सोयाबीन आधी पाण्यातून काढा, प्रचंड खारट असतं. ग्वांगडाँगच्या पूर्वेला चाओझोऊकडे पापलेटावर खारवलेली आंबट प्लम, लोणच्यातली मोहरीची पानं, टोमॅटो, टोफू, आलं असं घालून वाफवतात, आणि तिथे मात्र ताटलीतला रस टाकत नाहीत, तोच तर हवा असतो, कारण आंबट-खारटानं त्याची चव बदललेली असते. मला विचाराल तर उन्हाळ्यात हाच प्रकार सगळ्यात भारी.

गरम मसाला वगैरे लावायचा असेल तर लावा, तुमचा मासा, पण मग वाफवू नका, भाजा.

प्रश्न : माशाला चिरा द्यायच्या का?

पातळ माशाला नको. जाड पाठीचा असेल तर जी बाजू खाली जाणार तिथे मणक्याला लागून एक लांब चीर द्या, वरची बाजू अखंड दिसते आणि शिजतो पण सारखा.

प्रश्न : अख्खा मासा टेबलावर आला की सगळे एकमेकांकडे बघत बसतात. वाढायचा कसा? आणि उलटवायचा नाही म्हणे, ते का?

दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची समजूत आहे की ताटातला मासा उलटवला की नाव उलटते, म्हणून जेवताना मासा पालथा करत नाहीत. समजूत बाजूला ठेवली तरी न उलटवणंच सोयीचं आहे, उलटवायला गेलात की हमखास मोडतो आणि सॉस टेबलक्लॉथवर. दोन चमचे घ्या. एका चमच्याच्या कडेनं डोक्यापासून शेपटीपर्यंत मधल्या रेषेवर हलकं दाबत जा, मांस दोन भागांत सुटतं, पाठीकडचं वर सरकवा, पोटाकडचं खाली. आता पूर्ण काटा उघडा पडतो. शेपटीकडून काट्याखाली चमचा घालून उचला, बरोबर शिजला असेल तर तो डोक्यापर्यंत एका तुकड्यात निघून येतो, अडला तर ओढू नका, मान चमच्यानं तोडा. खालची बाजू तशीच सॉसमध्ये पडलेली मिळते, आणि ती वरच्यापेक्षा चविष्ट असते हे माहितगार लोक बोलत नाहीत, गप वाट बघतात.

डोकं मानाच्या पाहुण्याच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दिशेला ठेवायचं. गालाचा छोटा गोल तुकडा, डोळ्याच्या खाली-मागे असतो तो, मोठ्यांना नाहीतर पाहुण्यांना वाढतात. बारीक काटे असलेला मासा असेल, कार्पसारखा, तर लहान मुलांना पोटाकडचा भाग द्या, तिथले काटे मोठे असतात आणि हाताला लागतात.

प्रश्न : उरला तर दुसऱ्या दिवशी परत वाफवू का?

परत वाफवलात तर पहिल्या प्रश्नातला कापूस होईल. जेवण झाल्यावर लगेच, दोन तासांच्या आत, मांस काट्यावरून सोडवून डब्यात भरा आणि फ्रीजमध्ये टाका, सॉस वेगळा. दुसऱ्या दिवशी तांदळाची पातळ, चांगली शिजून मोडलेली पेज करा, कँटोनीज लोकांची काँजी तीच, उकळती पेज वाडग्यात घेऊन त्यात ते मांस, आल्याच्या काड्या आणि पात घाला, पेजेच्याच उष्णतेनं मासा गरम होतो. उरलेला सॉस वरून चमचाभर. डोकं आणि काटा शिल्लक असेल तर तो आल्याबरोबर थोड्या तेलात परतून, उकळतं पाणी घालून २० मिनिटं मोठ्या गॅसवर ठेवा, दुधासारखं पांढरं सूप होतं, गाळून तेच पेजेला वापरा.